नाव नसलेला हापसा

गोदावरीचा पूर ओसरला. पंचनाम्याचे कागद फिरू लागले. मदतीच्या पाकिटांवर कोणाचा फोटो असावा, हा वादही आता थंडावला आहे. तो वाद ऐकताना मला सारखा आठवत होता आमच्या ताडकळसचा हापसा. सप्टेंबरच्या त्या पावसात वीज गेली, तिच्यामागे नळयोजना गेली, विहिरींत गढूळ पाणी उतरलं आणि घागरी पुन्हा हापशावर आल्या. पहिले आठ-दहा हापसे कोरडे जातात, आतली साखळी करकरते, मग दांडा जड लागतो आणि पाणी येतं. त्या हापशावर कोणाचाही फोटो नाही. हे यंत्र आलं कुठून, हे रांगेतल्या कोणाला ठाऊकही नव्हतं.

त्याचं मूळ शोधत गेलं तर वाट जालना आणि सोलापूरच्या ख्रिस्ती मिशनपाशी पोचते. पूर-दुष्काळात धावून जाणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मी चर्चच्या पायरीऐवजी हापशाच्या ओट्यावरून सुरुवात करतो आहे, ती याच कारणाने.

परत येणारा वाटसरू

बायबलमधल्या ग्रीक ‘अगापे’ला मराठीत शब्द मिळाला ‘प्रीती’. आपल्याला प्रीती म्हटलं की भावगीत आठवतं. चर्चमध्ये मात्र तो राबणारा शब्द आहे: जो आपला कोणी लागत नाही, त्याच्यासाठी स्वतःचं काही खर्ची घालणं. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी वाटसरू रस्त्यात पडलेल्या परक्याच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, पैसे भरतो. एवढं आपण सगळे ऐकून असतो. पण निघताना तो मालकाला सांगतो, की आणखी खर्च आला तर मी परत येईन तेव्हा देईन. मला ही गोष्ट तिथे खरी सुरू होते असं वाटतं. मलमपट्टी करणारे पुष्कळ भेटतात, परत येणारे थोडे.

पंडिता रमाबाई परत गेल्या होत्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि बहीण गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. जी भूक त्यांनी स्वतः सोसली होती, तिच्याच दारात पुन्हा उभ्या राहिल्या आणि निराधार मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्या मुलींना केडगावच्या माळावर आणलं. तंबू, झोपड्या, विहिरी, शेत यांतून ‘मुक्ती’ मिशन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरात, राजपुताना इथूनही मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार ताटं रोज, आणि दोन हजार जणींना अक्षर, शिलाई, छपाई, शेती यांतलं काही तरी हाताला देणं. दुष्काळ सरला तरी रमाबाई तिथून हलल्या नाहीत. 1922 मध्ये केडगावलाच त्यांचा शेवट झाला.

भुकेल्याची श्रद्धा

इथे जुना प्रश्न येतोच आणि तो टाळू नये. भाकरीबरोबर बाप्तिस्मा दिला जात होता का? 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनातल्या धर्मांतरावरून ‘केसरी’ने झोड उठवली होती आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली होती. दुष्काळातल्या अनेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही खरं. जो उपाशी आहे त्याची निवड किती मोकळी असते, हा प्रश्न मला रास्त वाटतो. मदत करणाऱ्या प्रत्येक धर्माने, प्रत्येक पक्षाने तो स्वतःला विचारावा. माझ्यापुरती कसोटी एकच: नाव, जात, धर्म न विचारता ती मदत मिळते का?

काळ्या पाषाणाखालचं पाणी

हापसा या कसोटीला उतरतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा थर आहे. सुरुंग लावत, महिनोन्‌महिने खोदत विहीर पाडायची आणि उन्हाळ्यात तळ पाहायचा, ही पिढ्यांची रीत. जालन्याला मिशनची परंपरा जुनी. 1843 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी तिथे बेथेल ही वस्ती वसवली, तिला निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली. त्याच जालन्यात 1960 च्या दशकात स्कॉटिश मिशनच्या लोकांनी दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं आणून पाषाणात बोअर पाडायला सुरुवात केली.

बोअर झाला तरी पंप टिकेना. तेव्हाचे बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या एकेका कुटुंबासाठी घडवलेले. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वस्ती. दांड्याचे सांधे झिजायचे, बीड तडकायचं. सत्तरच्या दशकातल्या पाहणीत देशातले सुमारे तीन चतुर्थांश हातपंप बंद सापडले. जालन्याच्या लोकांनी पोलादी पंप केला, अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवला. सोलापूरला ऑस्कर कार्लसन यांनी तो आणखी भक्कम केला. त्या सोलापूर पंपावरून युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडास कंपनी यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. काँक्रीटमध्ये रोवलेले तीन पाय, वर लोखंडी पेटी, आत साखळी. पेटंट कोणी घेतलं नाही. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो चालतो. पंपाला नाव मिळालं ते देशाचं. मिशनचं किंवा कार्लसन यांचं नाव त्यावर कुठेच नाही.

बहात्तरचा दुष्काळ आठवणाऱ्यांना सुकडी, मिलो आणि खडी फोडणं आठवतं. त्याच वर्षांत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य बोअरच्या जागा ठरवत होतं. वेल्लोरला शिकलेल्या या दोघांनी 1970 मध्ये तिथे काम मांडलं होतं, आणि जागा धरल्या त्या दलित वस्तीत. गावाने पाण्यासाठी तिकडे यावं. शिवाशिवीवरचं इतकं मुकाट आणि इतकं परिणामकारक भाषण मला दुसरं माहीत नाही. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. जामखेडचं काम चालू राहिलं.

मार्चमध्ये कोण येणार?

आमच्याकडे आज सोयाबीन कुजलं आहे, नदीकाठची माती खरडून गेली आहे. किराण्याची पाकिटं आली, ती देणाऱ्यांचे आभारच. पण पाकीट महिनाभर पुरतं. गेलेली माती भरायला वर्षं लागतील, रब्बीचं बियाणं आत्ता लागेल आणि पोरांची फी मार्चमध्ये भरावी लागेल. मंदिर, मशीद, विहार, चर्च, तरुण मंडळं, ज्यांनी ज्यांनी मदत गोळा केली त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्यातला काही वाटा आज वाटू नका. तो राखून ठेवा आणि मार्चमध्ये, कॅमेरे गेल्यावर, परत या.

आमच्या गल्लीतल्या हापशाचं वायसर झिजलं होतं. परवा दोघं-तिघं पाईप वर ओढत होते, एकाच्या हातात पान्हा, एकाच्या हातात ग्रीसचा डबा. तासाभरात पाणी आलं. हात पुसून ते निघून गेले, आणि रांगेतल्या पहिल्या बाईने घागर लावली.