नऊच न्यायाधीश का?

लातूरला नीटच्या क्लासची चौकशी करायला जा, आधी हातात फॉर्म पडतो. नाव, गाव, दहावीचे टक्के, आईचा नंबर, बाबांचा नंबर, बाबांचं उत्पन्न! आता शिकवायचं आहे भौतिकशास्त्र, तर बाबांचं उत्पन्न कशाला हवं? बरोब्बर हाच प्रश्न विचारून पोट भरणारे वकील असतात. काळा कोट तोच, पण भांडण शेताच्या बांधाचं नाही, माहितीचं.

त्यांचा भक्कम आधार म्हणजे एक निकाल. के. एस. पुट्टास्वामी हे कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती होते. आधार कार्डासाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेतात, ते त्यांना खटकलं. वयाच्या ऐंशीनंतर, २०१२ मध्ये, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार म्हणालं, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही; १९५४ च्या निकालात तसं म्हटलंय. तो निकाल होता आठ न्यायाधीशांचा. आणि कोर्टाचा रिवाज असा, की जुना निकाल फिरवायचा तर त्याहून मोठं खंडपीठ बसवायचं. म्हणून बसले नऊ! २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी एकमुखानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकालाची पानं ५४७.

त्यातली खरी गंमत पुढेच. आणीबाणीतला १९७६ चा एक गाजलेला निकालही यातच रद्द झाला. तो देणाऱ्यांत होते यशवंत चंद्रचूड. चूक होता असं लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी. म्हणजे त्यांच्याच मुलानं! घरी वडिलांपुढे 'तुमचं चुकलं' म्हणायला आपली जीभ अडखळते, इथे तर सगळ्या देशासमोर.

२०२३ मध्ये संसदेनं माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. कायदा सांगतो, अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायची तर आईबाबांचा होकार हवा. मुलांच्या मागावर राहून त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मुलांच्या बाबतीतला नियम मोडला तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत!

असं वकील व्हायचं तर मुंबईच गाठावी लागते असं नाही. लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आहे, नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. प्रवेशाला सीईटी. पुढे वकिलीची सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. कामात मात्र कोर्टापेक्षा वाचन जास्त, तेही कंटाळवाणं: बारीक अक्षरातल्या अटी. ही माहिती कशासाठी, किती दिवस ठेवणार, आणखी कुणाला देणार? कायदा म्हणतो, संमती मागताना माहिती कशासाठी हवी याची सूचना माणसाला मराठीतही वाचता आली पाहिजे. आणि होकार जितक्या सहज दिला, तितक्याच सहज परत घेता आला पाहिजे. एका टिचकीत 'हो' घेतलं, तर 'नको' म्हणणाऱ्याला 'साहेब जेवायला गेलेत, उद्या या' सांगून चालायचं नाही.