अल्पायुषी निरोप्या

लातूरच्या आसपासच्या काळ्या रानांत एके काळी सूर्यफुलाची शेते दूरवर पिवळी दिसत असत. आज तेथे बहुतेक ठिकाणी सोयाबीन उभे असते. या पालटाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक मात्र डोळ्यांना न दिसणारे आहे. १९९७ साली कर्नाटकात सूर्यफुलावर एक नवा रोग आढळला. पान एका कडेने करपू लागे, करपा देठातून खोडात उतरे आणि फूल धड उमलण्यापूर्वीच वाकडे होऊन वाळून जाई. हा रोग पुढे आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रातही पसरला. त्याच्या मुळाशी एक विषाणू होता. हा विषाणू म्हणजे आर.एन.ए. नावाच्या द्रव्याचे काही धागे व त्यांभोवती प्रथिनाचे कवच, एवढेच!

आर.एन.ए. केवळ विषाणूतच असते असे नाही. ते प्रत्येक सजीवाच्या पेशीत असते. पेशीतील डी.एन.ए. हा जणू पेटीत जपून ठेवलेला मूळ ग्रंथ होय. पेशीला एखादे प्रथिन घडवावयाचे असले, म्हणजे त्या ग्रंथातील तेवढ्याच भागाचा उतारा काढला जातो व तो प्रथिने घडविण्याच्या जागी पोहोचविला जातो. हा उतारा आर.एन.ए.चा असतो. त्याची ओळख शास्त्रज्ञांना १९६१ साली पटली. काम झाले, की पेशीच त्याचे तुकडे करून टाकते. जुने निरोप साठून राहिले, तर नव्या निरोपांना अर्थ उरणार नाही. शिवाय आर.एन.ए.च्या साखरेत डी.एन.ए.च्या साखरेपेक्षा ऑक्सिजनचा एक अणू अधिक असतो. एवढ्याशा भेदामुळे त्याचा धागा फार लवकर तुटतो.

असे नाजूक द्रव्य हाताळावयास नांदेड-लातूरकडचे विद्यार्थी आज शिकतात. पूर्वी या भागातील महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठाशी जोडलेली होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयही आहे. पदवीच्या वर्गातील मुलामुलींना रोगट पानातून आर.एन.ए. वेगळे करावयाचे असेल, तर ते काय करतात?

प्रथम ते हातमोजे चढवितात. ही खबरदारी स्वतःच्या रक्षणापुरती नसते, ती आर.एन.ए.च्या रक्षणासाठीही असते. आपल्या त्वचेवर व घामात आर.एन.ए. तोडणारे एक विकर सदैव असते आणि ते इतके चिवट असते, की पाणी उकळूनही त्याचा पुरता नाश होत नाही. म्हणून भांडी, नळ्या, पाणी, सारेच विशिष्ट रीतीने शुद्ध करून घ्यावे लागते. मोजा घातलेला हात चुकून कपाळाला लागला, तर तो मोजा बदलावा लागतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या वर गेला असता, हा नियम पाळणे वाटते तेवढे सोपे नाही.

मग पान उणे १९६ अंश तपमानाच्या द्रवरूप नायट्रोजनात गोठवून खलात कुटतात. त्या भुकटीत पेशीतील विकरांना निष्प्रभ करणारे द्रावण घालतात. त्यात क्लोरोफॉर्म मिसळून नळी यंत्रात वेगाने फिरविली, की तिच्यात थर पडतात. वरच्या निवळ थरात आर.एन.ए. असते. तो थर हलक्या हाताने उचलावा लागतो. लोभाने थोडे अधिक घेतले, तर खालची घाण वर येते. मद्यार्क घातल्यावर तळाशी पांढुरका कण दिसतो, कधी तर दिसतही नाही. सकाळपासूनच्या श्रमाचे फळ ते एवढेच. तेही लगेच बर्फात ठेवावे लागते. काम अर्धवट असताना वीज गेली, तर बर्फाची पेटी हाच आधार.

आर.एन.ए. शाबूत आहे की नाही, हे विजेच्या प्रवाहाने परीक्षिले जाते. अतिनील प्रकाशात दोन ठळक पट्टे चमकले, तर काम साधले. नुसताच पुसट ओघळ दिसला, तर धागे तुटले असे समजावे आणि नवे पान घ्यावे. नवशिक्यांना हा ओघळ पुष्कळदा पाहावा लागतो.

पुढची पायरी १९७० साली लागलेल्या एका शोधामुळे शक्य झाली. टेमिन व बाल्टिमोर या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे विकर शोधून काढले, की जे आर.एन.ए.वरून डी.एन.ए. घडविते. ही टिकाऊ प्रत यंत्रात प्रत्येक फेरीला दुप्पट करीत नेली, तर तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. मग विषाणूचा अंश कितीही अल्प असो, त्याचा माग लागतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत घशातील स्रावाची परीक्षा याच तत्त्वावर केली जात असे.

सूर्यफुलाच्या रोगाचा माग काढता काढता शास्त्रज्ञ बांधावरच्या गाजरगवतापर्यंत पोहोचले. गाजरगवत पाहावे तर हिरवेगार, कोठे डाग नाही. परंतु त्याच्या आत तोच विषाणू होता. त्याचे पराग अंगावर घेऊन बारीक फुलकिडे सूर्यफुलावर जातात व पान कुरतडताना रोग देतात. म्हणून शेतकऱ्यांना दोन गोष्टी सांगण्यात आल्या. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, आणि सूर्यफुलाच्या शेताभोवती ज्वारीच्या काही दाट ओळी पेराव्यात. उंच ज्वारी वाऱ्याबरोबर येणाऱ्या फुलकिड्यांना व परागांना वाटेतच अडविते.