छोटी खीळ, मोठा भार

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रात उसाचा हंगाम सुरू होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे जाऊ लागतात. कधी कधी एकाच ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. एवढा मोठा भार ट्रॅक्टरला कशाने जोडलेला असतो? एका लोखंडी खिळीने! तुम्ही घरी जिला 'कील' म्हणता, तिचीच ही मोठी बहीण. चालक तिला 'पिन' म्हणतात.

ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या बाजूला एक भक्कम दांडी असते. तिला ड्रॉबार म्हणतात. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला कडी असते. कडी आणि ड्रॉबार यांची भोके एका रेषेत आणून त्यांत वरून पिन सोडतात. पिनेच्या खालच्या टोकात क्लिप अडकवतात. क्लिप नसेल, तर खड्ड्यातल्या हादऱ्याने पिन उसळून बाहेर पडते आणि ट्रॉली सुटते.

आता पिन कशी निवडावी ते पाहू. ती भोकाच्या मापाची असावी. बारीक पिन भोकात खेळत राहते. प्रत्येक झटक्याला ती आपटते, झिजते आणि शेवटी तुटते. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट कधीही वापरू नये. पिन वाकली, झिजली किंवा तिला चीर गेली, तर ती लगेच बदलावी.

पिन मजबूत आहे म्हणून वाटेल तेवढा माल भरावा, असे मात्र नाही. भार ओढता येणे वेगळे आणि तो थांबवता येणे वेगळे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. भार वाढला तर हे अंतर आणखी वाढते. उतारावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

ट्रॉली कोठे जोडली आहे, हेही महत्त्वाचे आहे. मागच्या चाकांच्या आसापेक्षा उंच जागी ती जोडली, तर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात. मग ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडू शकतो. पूर्वी नांगर दगडात अडकला की असेच अपघात होत. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी जोडण्याची सोय केली. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि हा धोका कमी झाला. पण या तिन्हींपैकी वरची दांडी नांगरासारख्या अवजारांसाठी आहे. ट्रॉली तिला बांधू नये. ट्रॉलीची जागा खाली, ड्रॉबारवरच.

पिनेच्या जोडीला सुरक्षा साखळीही हवी. पिन निसटलीच, तर ही साखळी ट्रॉलीला धरून ठेवते. वळताना ताण येणार नाही इतकी ती सैल असावी. पण रस्त्यावर घासू नये.

ट्रॉली जोडताना तिच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. ट्रॅक्टर मागे येत असताना दोघांच्या मधे कोणीही उभे राहू नये. तो पूर्ण थांबला, ब्रेक लागला, की मगच पिन घालावी. आणि मुलांनो, चालत्या ट्रॉलीच्या दांडीवर बसण्याचा मोह तुम्ही टाळा. तेथून हात सुटला, तर माणूस थेट चाकाखाली जातो.

आमच्या गावात एक वयस्कर ट्रॅक्टरचालक आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. एकदा भरल्या ट्रॉलीची पिन वाकलेली त्यांना दिसली. "सळई घाला आणि निघा," असे सोबतच्यांनी सांगितले. चाचांनी ऐकले नाही. नवी पिन येईपर्यंत ते शेतातच थांबले. त्यांची एक खेप बुडाली. पण कारखान्याच्या वाटेवर शाळा सुटण्याची ती वेळ होती, हे त्यांच्या ध्यानात होते.

मराठीत 'कामाला खीळ बसणे' म्हणजे काम अडणे. त्या दिवशी चाचांच्या कामाला खीळ बसली. पण रस्त्याने जाणारी मुले सुखरूप घरी पोहोचली.