भर पावसात बाळोतं वाळवताना

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत घरात तान्हं बाळ असेल, तर पडवीतल्या दोऱ्या बाळोत्यांनी भरून जातात आणि त्यातलं एकही धड वाळत नाही. विकतचे डायपर कोकणातल्या घरांत रुळले ते मुख्यतः या ओलीमुळे, असं मला वाटतं. म्हणून धुण्याच्या लंगोटांचा आणि त्यात घालायच्या लायनरचा विचार वाळवण्यापासूनच सुरू करायला हवा.

कापडातलं पाणी उडतं ते हवेत बाष्पासाठी जागा उरलेली असेल तरच. २७ अंश तापमानाच्या हवेत आर्द्रता ९० टक्के असेल तर ही जागा जेमतेम एक दशांश उरते. ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या दिवसाशी तुलना केली तर वाळवण्याचा जोर एक पंचमांशावर येतो. हीच हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि वाळवण्याचा जोर सहा-सातपट वाढतो. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी, बाळोती पसरण्याची जुनी रीत नेमकं हेच साधते. मात्र धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत ही शेगडी कधीही ठेवू नये.

बाळोत्याला जुनं धोतर किंवा जुनं लुगडंच हवं, हा घरच्या बायकांचा आग्रहही विचारपूर्वक आहे. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. कोऱ्या कापडात तो थोडाफार उरला तर पाणी चटकन शिरत नाही. धुऊन धुऊन तो निघून गेला की कापड पाणी ओढू लागतं. शिवाय धोतराचा तुकडा उलगडला की पातळ एकपदरी होतो आणि लवकर वाळतो. आठ-दहा थर एकत्र शिवलेला जाड पॅड पावसाळ्यात दोन दिवस दमट राहतो, आणि दमटपणात वास धरतो. या कुबट वासामागे ‘मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस’ नावाचा जीवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं.

आता लायनर. पॉलिएस्टर फ्लीसचा तुकडा बाळाच्या अंगाकडून आणि सुती कापड त्याखाली, अशी ही रचना. साधारण हवेत १०० ग्रॅम कापूस सुमारे ८ ग्रॅम ओल धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. त्यामुळे लघवी फ्लीसच्या भोकांतून खाली उतरते, समईच्या वातीत तेल चढावं तशी सुती तंतूंमध्ये ओढली जाते आणि वरचा थर बराचसा कोरडा राहतो. दोन्ही थर एकमेकांना चिकटून असायला हवेत. मध्ये पोकळी राहिली तर ओढ तुटते.

हा कोरडेपणा त्वचेसाठी मोलाचा आहे. शीतल्या जीवाणूंमधलं युरिएज हे विकर लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतं. त्याने त्वचेची स्वाभाविक आम्लता कमी होते, शीतली प्रथिनं आणि मेद पचवणारी विकरं अधिक जोमाने काम करतात आणि ओलीने फुगलेल्या त्वचेवर लाल पुरळ उठतं. लायनर ओल खाली नेतो, शी मात्र वरच, त्वचेला लागून राहते. त्यामुळे शी झाली की लगेच बदलायचं, लायनर असो वा नसो.

कोकणात लायनरचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्याकडे बाळाला खोबरेल तेलाने मालिश करतात. ते तेल किंवा पुरळावरचं झिंक मलम सुती तंतूंवर बसलं की कापड पाणी शोषेनासं होतं. लायनर हा चिकटपणा स्वतःवर घेतो आणि तेवढाच तुकडा गरम पाण्यात चांगला चोळून धुता येतो. शीचे डागही त्याच्यावरच थांबतात, खालची बाळोती कमी चोळावी लागतात.

कागदासारखे, एकदाच वापरायचे लायनरही मिळतात. पाकिटावर ‘फ्लश करता येतो’ असं छापलेलं असलं तरी ते संडासात टाकू नयेत. त्यांचे तंतू पाण्यात लगेच सुटे होत नाहीत. भांड्याच्या वळणात अडकतात, सेप्टिक टाकीत साचतात. शी संडासात झटकावी आणि लायनर डायपरसारखाच गुंडाळून वेगळा द्यावा. घनकचरा नियमांनी डायपरला सॅनिटरी कचऱ्यात धरलं आहे.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला: डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, धुण्याच्या लंगोटांमुळे ५७०. पण यंत्र पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळालाही वापरले, तर लंगोटांचा आकडा सुमारे २०० किलोंनी घटतो. आपल्याकडे दोरी घरोघरी आहे, आणि थोरल्याची बाळोती धाकट्याला वापरणंही नवं नाही. आषाढात चार दिवस सूर्यच दिसला नाही आणि रात्रीपुरता डायपर लावला, तरी आईने मनाला लावून घेऊ नये. बाकीच्या दिवसांची बाळोती आणि लायनर त्या हिशेबात कितीतरी जड भरतात.