दारातली मोटारसायकल कलंडते का?

मोटारसायकल बहुतेक घरी ‘ते’ चालवतात. पण ती दारात उभी असते तेव्हा तिच्याभोवती वावरतो ते आपण आणि आपली मुलं. रांगोळी तिच्या चाकाशी, भाजीची पिशवी तिच्या हँडलला आणि शाळेतून आलेलं पोर दप्तरासकट तिच्या सीटवर! शंभर-सव्वाशे किलोचं ते धूड एका बोटभर जाडीच्या लोखंडी पायावर तोललेलं असतं, याचा विचार आपण सहसा करत नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या अंगणात अशीच गाडी आडवी झाली. मुलगा शेजारची सायकल काढत होता. त्याचा पाय थोडक्यात वाचला, सायकलचं चाक मात्र पार दुमडलं. घरातल्यांनी निकाल काय दिला, तर ‘पोरानंच धक्का दिला असणार.’ बिचाऱ्याला भरपूर बोलणी बसली. दोन दिवसांनी गाडी पुन्हा कलंडली, तेव्हा जवळ पोर नव्हतं नि कुत्रंही नव्हतं. मग कुठे स्टँडकडे लक्ष गेलं.

तेव्हा मैत्रिणींनो, जरा वाकून या स्टँडकडे पाहायला शिकू या. शिवणयंत्राची वादी ढिली झालेली जिला नुसत्या आवाजावरून कळते, तिला हे अवघड जाईल असं मला मुळीच वाटत नाही.

तिरक्या स्टँडवर गाडी डावीकडे कलून उभी असते. दोन चाकं आणि स्टँडचा तळ हे तिचे तीन टेकू. स्टँड पूर्ण खाली केला की त्याचा तळ वरच्या बोल्टच्या थोडा पुढे जातो. त्यामुळे गाडी मागे रेलली तर स्टँड घट्ट बसतो, पुढे सरकली तर मात्र तो मागे दुमडतो आणि गाडी धाडकन खाली येते. उतारावर गाडी लावायची तर तिचं तोंड चढाकडे हवं, ते यासाठीच. आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. पहिल्या गिअरमध्ये टाकली की चाक सहसा हलत नाही. हँडल डावीकडे वळवून ठेवलं तर आणखी बरं.

पुष्कळदा दोष स्टँडचा नसतोच, जमिनीचा असतो. पावसाळ्यात अंगणातल्या मऊ मातीत स्टँडचा तळ हळूहळू रुततो. संध्याकाळी नीट उभी असलेली गाडी सकाळी आडवी दिसते, ती यामुळे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या डांबरावरही तसंच होतं. शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा स्टँडखाली ठेवला की काम भागतं. आमच्याकडे तो पायरीच्या कोपऱ्यात कायमचा पडलेला असतो.

जमीन पक्की असूनही गाडी डुगडुगत असेल तर स्टँड तपासायचा. त्याआधी गाडी मधल्या, म्हणजे डबल स्टँडवर घ्यावी. काही गाड्यांना तो येतच नाही. तिथे दुसऱ्या कुणाला तरी गाडी दोन्ही हातांनी धरायला सांगा. एकटीनं हा उद्योग करू नका. आता तिरक्या स्टँडचं टोक धरून हलवून पाहा. पुढे-मागे तो फिरणारच, त्यासाठीच केलेला आहे. पण आत-बाहेर लटलटत असेल तर वरचा बोल्ट सैल झालाय किंवा झिजलाय. रॉकेल किंवा डिझेलच्या चिंधीनं तिथली माती पुसून काढा, थोडं ग्रीस लावा आणि पान्यानं बोल्ट आवळा. अति आवळला तर स्टँड हलेनासा होतो. तेव्हा थोडं आवळायचं, स्टँड फिरवून पाहायचा, असं करत जावं. मागे दुसरा नट असेल तर तोही घट्ट हवा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. ग्रीसचा हात टायरला मात्र लागू देऊ नका.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. पायानं स्टँड ढकलला की अर्ध्यावरून पुढे तो आपोआप ‘खट्’ करून जागेवर गेला पाहिजे, खाली करताना आणि वर घेतानाही. मध्येच लोंबकळत राहिला तर स्प्रिंग ताणलीय किंवा गंजलीय असं समजा. यात मी जरादेखील चालढकल करू देणार नाही. कारण असा स्टँड चालत्या गाडीतही खाली येतो आणि डाव्या वळणावर रस्त्याला अडकून गाडी फेकली जाते. सुतळीनं किंवा ट्यूबच्या तुकड्यानं बांधून ठेवणारे महाभाग आपल्याच घरात असतात. त्यांचं ऐकू नका. स्प्रिंग फारशी महाग नसते. ती पकडीनं ओढून बसवायच्या भानगडीत मात्र पडू नये, सुटली तर डोळ्यावर येते. ते काम मेकॅनिकचंच. हल्लीच्या अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. सोय चांगली आहे, पण उभी गाडी पडण्याचं त्यानं काही थांबत नाही.

गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते असं नुसतं वाटत असेल तर शिवणाची टेप काढा. चाकांत हवा भरलेली असताना, एकाच सपाट जागी, हँडल डावीकडे वळवून डाव्या मुठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. महिन्यानं अंतर कमी भरलं तर स्टँड वाकलाय किंवा त्याला अडवणारा लोखंडी ठोकळा झिजलाय. स्टँडवरच्या गाडीवर दोघांनी बसून गप्पा मारल्या, तशीच ठेवून किका मारल्या, की दुसरं काय होणार? जोडाजवळ बारीक तडा दिसला तर त्या स्टँडवर गाडी लावणं त्याच दिवशी बंद.

अंतर वाढलं तर तेही वाईट, बरं का! हवा कमी झाली किंवा मागचे शॉकॲब्सॉर्बर बसले की गाडी खाली येते, स्टँड जणू लांब होतो आणि गाडी सरळ उभी राहून उजवीकडे कोसळू शकते. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर त्याच बाजूला असतो. अशा वेळी उजव्या मुठीला अडकवलेली पाच किलो पिठाची पिशवीसुद्धा पुरते.

गाडी पडलीच तर आधी मुलांना दूर करा आणि किल्ली बंद करा. पेट्रोलचा वास येत असेल तर जवळपास काडी ओढू नका, जुनी गाडी असेल तर टाकीखालचा कॉक फिरवा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वी डावा स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उचलली की पलीकडे पडायची. पदर खोचून, गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून पायांच्या जोरावर उचलावी. कमरेनं ओढू नये. कुणी मदतीला असेल तर हाक मारायला लाजू नका.

मेकॅनिककडे ‘गाडी पडते’ एवढंच सांगितलं की तो स्टँडखाली पट्टी वेल्डिंग करून मोकळा होतो. बोल्ट झिजलेला असेल तर तो तसाच राहतो. म्हणून नेमकं सांगा: आत-बाहेर हलतो, खट् करून बसत नाही, महिन्यात दोन बोटं जास्त झुकली. आणि बोल्ट बदलला तर जुना मागून घ्या. तो मध्ये झिजून बारीक झालेला डोळ्यांनी दिसला की बिलावरून घरात वाद होत नाही.