विमानाने कोलांटी मारावी का?

१९५५ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात लेक वॉशिंग्टन या तळ्यावर वेगवान बोटींची शर्यत भरली होती. काठावर ही गर्दी! एवढ्यात चार जेट इंजिनांचं एक भलंमोठं विमान आलं आणि बघता बघता त्याने हवेत पूर्ण गिरकी घेतली. लोक अजून आ वासून बघतायत, तोच ते वळून परत आलं आणि पुन्हा एक गिरकी!

हे होतं ‘डॅश ८०’, बोइंग ७०७ या प्रवासी विमानाचा पहिला नमुना. चालवत होते कसलेले चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन. त्या वेळी विमानाच्या आतून काढलेला एक फोटो आहे. पंखाखाली लटकणारी इंजिनं त्यात चक्क पंखाच्या वर दिसतात! बोइंगचे प्रमुख बिल अ‍ॅलन मात्र खूश झाले नाहीत. असं पुन्हा करायचं नाही, अशी त्यांनी जॉन्स्टन यांना ताकीद दिली.

पण मग ते विमान मोडलं कसं नाही? पाण्याची बादली हातात धरून गोल गरगरा फिरवा. बादली डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही, कारण बादलीचा तळ पाण्याला सतत आत ढकलत असतो. जॉन्स्टन यांची गिरकी तशीच होती. ती इतकी सफाईदार होती की विमानावर नेहमीपेक्षा फारसा जास्त भार आलाच नाही. बॉब हूवर नावाचे वैमानिक तर अशी गिरकी घेता घेता पेल्यात चहा ओतून दाखवायचे!

मात्र हात जरा चुकला, की गणित बदलतं. हा भार ‘जी’मध्ये मोजतात. आत्ता तुम्ही बसला आहात, तुमच्यावर १ जी भार आहे. विमान ६० अंश कलून, उंची न सोडता वळलं की तो २ जी होतो. म्हणजे ३० किलोच्या मुलाला आपण ६० किलोचे झालो असं वाटेल. पंखांनाही अख्खं विमान दुप्पट जड वाटतं.

पंख किती भार झेलणार, हे विमान बनवतानाच ठरतं. कसरतींसाठीच्या विमानाला ६ जी झेलता यावे लागतात. सेस्नासारख्या साध्या छोट्या विमानाची मर्यादा ३.८ जी, तर मोठ्या प्रवासी विमानाची साधारण २.५ जी. उलट्या दिशेने येणारा भार तर साधी विमानं याहून कमी सोसतात.

आता समजा, कुणी साधं विमान उलटं केलं आणि गिरकी अर्धवट राहिली. नाक जमिनीकडे वळतं आणि वेग झपाट्याने वाढतो. वेग दाखवणाऱ्या तबकडीवर एक लाल रेघ असते. सेस्ना १७२ मध्ये ती ताशी सुमारे ३०० किलोमीटरवर असते. काटा तिच्यापुढे गेला, की पंख आणि शेपूट जोरजोरात थरथरून तुटू शकतात. घाबरून नाक झटक्यात वर ओढलं, तर भार एकदम वाढतो आणि पंख मोडू शकतात.

इंजिनाचंही तेच. अशा बऱ्याच विमानांत पेट्रोल पंखातल्या टाकीतून आपोआप खाली उतरतं. विमान उलटंच राहिलं तर ते इंजिनापर्यंत पोहोचणार कसं? इंजिन खोकतं आणि बंद पडतं. तेलही वरच्या बाजूला जातं आणि यंत्राचे भाग कोरडे घासले जातात. कसरतीच्या विमानांत यासाठी वेगळी सोय केलेली असते.

सिअ‍ॅटल ज्या राज्यात आहे, त्याच वॉशिंग्टन राज्यात २४ जून १९९४ रोजी बी-५२ हे आठ इंजिनांचं अवाढव्य बॉम्बफेकी विमान हवाई प्रदर्शनाचा सराव करत होतं. वैमानिकाने ते अगदी खालून नेताना फार तिरकं वळवलं. पंखांची उचल संपली आणि विमान जमिनीवर कोसळलं. आतले चौघेही गेले. त्या वैमानिकाने आधीही असे धोके पत्करले होते आणि दर वेळी तो सुखरूप उतरला होता.

सुखरूप उतरणं म्हणजे सगळं ठीक असणं नव्हे. मर्यादेपेक्षा जास्त भार आला, तर धातू आतल्या आत वाकतो, त्याला बारीक तडे जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी त्यात बसतो एखादा वेगळाच, काहीही न केलेला माणूस.

म्हणूनच अनेक छोट्या विमानांत वैमानिकासमोर सूचना चिकटवलेली असते: या विमानात कसरती करू नयेत. दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या वैमानिक होईल. गिरक्या जरूर घ्या, पण त्यासाठीच बनवलेल्या विमानात आणि नीट शिकून. इतर विमानांत ती सूचना पाळा. तुमच्यामागे बसलेल्यांचा जीव तुमच्या हातात असतो.