माडियाचा आवाज यंत्राला कळेल काय?

१ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखाली बिट्स पिलानी आणि हैदराबाद व नवा रायपूरच्या ट्रिपल आयटी यांनी ते घडविले. विद्यापीठांचे संशोधन अखेर आदिवासींच्या बोलीपर्यंत पोचले, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण आरंभीच्या चार भाषा पाहा : ओडिशाची संथाली, मध्य प्रदेशची भिली, झारखंडची मुंडारी आणि छत्तीसगडची गोंडी. मग महाराष्ट्र कुठे आहे?

इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड, अलीकडे भामरागड. नदी एक, म्हणून बोलीही एकच असे दिल्लीत बसून वाटू शकते. येथील घराघरांत माडिया बोलली जाते. तहसीलचा कागद मराठीत, बँकेचा संदेश इंग्रजीत किंवा हिंदीत. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. त्या गोंडीच्याही सावलीत माडिया! माडिया गोंड ही शासनाच्याच यादीत विशेष असुरक्षित जमात आहे, हे विशेष.

निरक्षर माणसाला यंत्र जमत नाही, ही सबब खोटी आहे. २०१० पासून ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवर गोंडी माणसाला बोलते केले. फोन लावा, कळ दाबा, आपली तक्रार आपल्या बोलीत नोंदवा. ना इंटरनेट, ना अक्षरओळख. माणसे तीच होती, फक्त यंत्र त्यांच्याकडे पाहून बनविले होते.

आता कायदाही स्पष्ट आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडितेला डोळ्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून तिचे ई-केवायसी अडले. त्या प्रज्ञा प्रसून खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले. न्यायालयाने अपंगांबरोबर ग्रामीण जनता, वृद्ध आणि भाषिक अल्पसंख्याकांचीही दखल घेतली. वकिलांनी हा निकाल कपाटात ठेवू नये. ज्या वृद्धेचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि ज्या अंधाला पडद्यावरचे वाचता येत नाही, त्यांच्या अर्जात तो जोडावा.

२०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. ‘आदि वाणी’ची चाचणी त्याने भामरागडच्या आठवडी बाजारात घ्यावी, पावसाळ्यात घ्यावी, रेंज नसताना घ्यावी. आवाज देणाऱ्या माडिया बायाबापड्यांची संमती घ्यावी आणि त्यांना मजुरीही द्यावी.